कॉक्रोचमधला ‘कॉक’ कोण? आणि जर्मन झुरळ खरंच जर्मनीचं का?

उपान्त्य

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधक, अधूनमधून भाषांतरंही करतो. सध्या हातात कीडनियंत्रणाचं एक माहितीपत्रक आहे, इंग्रजीतून मराठीत करायचं. किरकोळ काम म्हणून घेतलं आणि झुरळांपाशी अडकलो. मूळ मजकुरात ‘जर्मन कॉक्रोच’, ‘अमेरिकन कॉक्रोच’ आणि ‘ओरिएंटल कॉक्रोच’ अशी तीन पोटशीर्षकं आहेत. मी ‘जर्मन झुरळ’ असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. वाचणाऱ्याला वाटायचं, पासपोर्ट घेऊन आलंय.

मग डोक्यात भुंगा सुरू झाला. हे जर्मन, अमेरिकन वगैरे कोणी ठरवलं? ‘कॉक्रोच’मध्ये कोंबडा कुठून आला? आणि आपल्या ‘झुरळ’ शब्दाचं मूळ काय? माझी आई म्हणायची, झुरळ झुरतं म्हणून झुरळ. लहानपणी पटलं होतं. आता शब्दांवरच पोट भरतो म्हटल्यावर तसंच सोडून देववत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (टाकताच पळून जाऊ नये.)

टाचणी

कॉक म्हणजे कोंबडा, रोच म्हणजे एक मासा. कोंबड्यासारखं उडतं आणि माशासारखं सुळकन निसटतं. सुटला प्रश्न.

बाकी नाव काहीही ठेवा हो, चप्पल सगळ्यांना एकच लागते.

फवारणीवाला

टाचणी, तुमची व्युत्पत्ती चुकीची आहे, पण इंग्रजांनी अगदी हाच घोळ घातला होता, त्यामुळे तुम्ही चांगल्या संगतीत आहात. चपलेच्या मुद्द्यावर शेवटी येतो, तो त्याहून जास्त चुकीचा आहे.

माझी ओळख आधी सांगतो. पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात केस पांढरे झाले. दिवसा औषध मारायचं आणि रात्री शब्दकोश चाळायचे, हे जुनं व्यसन. ज्या प्राण्यावर आपली चूल पेटते त्याच्या नावाची तरी चौकशी करावी, एवढंच.

तर कोंबडा. मूळ शब्द स्पॅनिश, ‘कुकाराचा’. स्पॅनिशमध्ये ‘कुका’ म्हणजे एक प्रकारची अळी, रात्रीच्या पतंगाची वगैरे. तिला नाक मुरडणारं शेपूट जोडलं की झाली कुकाराचा. इंग्रजांच्या कानावर हा शब्द पडला तो दर्यावर्दी लोकांकडून. कॅप्टन जॉन स्मिथ, म्हणजे व्हर्जिनियाच्या वसाहतीतला प्रसिद्ध स्मिथ, १६२४ च्या आपल्या इतिहासात बर्म्युडा बेटांबद्दल लिहिताना एका ‘इंडियातल्या किड्या’चा उल्लेख करतो. स्पॅनिश लोक त्याला ‘काकारूच’ म्हणतात, तो पेट्यांमध्ये शिरतो, आतलं सामान खातो आणि वासाच्या लेंड्या टाकून घाण करतो, असं त्याचं गाऱ्हाणं. हा ‘इंडिया’ म्हणजे वेस्ट इंडीजकडचा मुलूख, आपण नव्हे. पण लेंड्यांच्या वासाबद्दलचं निरीक्षण चोख. पेटी उघडताच असा वास आला, की झुरळ न बघताही मी सांगतो, इथे मुक्काम जुना आहे.

आता ‘काकारूच’ हा शब्द इंग्रज माणसाच्या जिभेला अडखळतो, कारण त्यातल्या एकाही तुकड्याला त्याच्या भाषेत अर्थ नाही. अशा वेळी जीभ आपोआप ओळखीचे तुकडे शोधते. पुढचा भाग झाला ‘कॉक’, मागचा झाला ‘रोच’. रोच हा युरोपातला गोड्या पाण्यातला मासा, आपल्या रोहूच्याच कुळातला. झुरळाचा कोंबड्याशी संबंध नाही आणि माशाशी तर मुळीच नाही. अर्थ लागत नव्हता तिथे ओळख चिकटवून दिली, बस्स.

पुढची गंमत अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सभ्य माणसांना ‘कॉक’ शब्दाची लाज वाटायला लागली, कारण तो बोलीत भलत्याच अवयवासाठी वापरला जात होता. कोंबड्याला ‘रूस्टर’ म्हणायला लागले आणि झुरळाचं पुढचं अर्धं तोडून नुसतं ‘रोच’ ठेवलं. म्हणजे जो कोंबडा तिथे कधी नव्हताच, त्याला हाकलून दिलं.

फ्रेंचांनीही हेच केलं. डचांनी त्या स्पॅनिश शब्दाचा ‘काकरलाक’ केला, तो फ्रान्सपर्यंत पोहोचला आणि झाला ‘कांक्रला’. फ्रेंचमध्ये ‘कांक्र’ म्हणजे मुळात खेकडा. इंग्रजांना कोंबडा दिसला, फ्रेंचांना खेकडा. झुरळ बिचारं झुरळच.

जर्मन-अमेरिकनबद्दल उद्या लिहितो. आता कामावर निघायचंय.

अमरकोशी

फवारणीवाले, वाचून मजा आली. तोवर मी संस्कृतची बाजू मांडतो.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, प्राण्यांच्या सिंहादिवर्गात ओळ आहे: ‘जतुकाऽजिनपत्रा स्यात् परोष्णी तैलपायिका’. पहिली दोन नावं वटवाघळाची, पुढची दोन झुरळाची. एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसवलंय दोघांना. दोघंही अंधारातले आणि पंखवाले, म्हणून असावं. ‘तैलपायिका’ म्हणजे तेल पिणारी. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात चोरांना पुढच्या जन्मी काय व्हावं लागतं त्याची यादी आहे. तिच्यात तेल चोरणारा ‘तैलपक’ होतो. याज्ञवल्क्यस्मृतीतही तसंच, ‘तैलहृत् तैलपायी स्यात्’. शिक्षा गुन्ह्याला अगदी शोभणारी: तेल हवं होतं ना, मग घे, पी जन्मभर.

हीच कल्पना शेजारच्या भाषांत अजून जिवंत आहे. बंगालीत ‘तेलापोका’, म्हणजे तेलाचा किडा. हिंदीत ‘तिलचट्टा’, त्यातला ‘चट्टा’ चाटणारा. ‘तैल’ हा शब्दच मुळात ‘तिल’वरून आलेला, त्यामुळे तीळ म्हणा की तेल म्हणा, घराणं एकच.

मराठीने मात्र ही वाट सोडली. ‘झुरळ’मध्ये तेल कुठेच नाही.

उपान्त्य

वा, दोघांचेही आभार. अमरकोशी, तो शेवटचा मुद्दाच माझ्या मनात घोळतोय. मग ‘झुरळ’ कुठून? आईचं ‘झुरणं’ टिकतं की नाही?

आणि फवारणीवाले, जर्मनीची वाट बघतोय. पत्रक छपाईला जायचंय.

फवारणीवाला

आलो. हे जरा लांबेल.

तीन शीर्षकांतला एकही देश खरा धरू नका. जर्मन झुरळाला ते नाव लिनियसने, म्हणजे जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, १७६७ साली दिलं, ‘ब्लाटा जर्मॅनिका’. ‘ब्लाटा’ हा जुना लॅटिन शब्द, उजेड टाळणाऱ्या किड्यांसाठीचा. आता शास्त्रात त्याला ‘ब्लाटेला जर्मॅनिका’ म्हणतात. पण जर्मनीत तो मुळात कधीच नव्हता. रानात, झाडाझुडपांत राहणारी त्याची वस्ती कुठेही सापडत नाही, जिथे माणसाचं घर तिथेच हा. मग मूळ गाव कुठलं? याचं उत्तर २०२४ साली मिळालं. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा निघालं की हा सुमारे २,१०० वर्षांपूर्वी ‘आशियाई झुरळ’ नावाच्या जातीपासून फुटला, आणि तोही भारत किंवा म्यानमारच्या भागात. तिथून सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियाकडे गेला आणि साधारण ३९० वर्षांपूर्वी युरोपीय कंपन्यांच्या व्यापाराबरोबर उलट्या दिशेने, आग्नेय आशियाकडे. युरोपात त्यानंतर पोहोचला.

म्हणजे उपान्त्य, तुमच्या पत्रकातलं ‘जर्मन झुरळ’ पासपोर्ट घेऊन आलेलं नाही. ते आपल्याच बाजूचं आहे, नाव तेवढं बाहेरून लावून आलंय.

अमेरिकनचंही तेच. लिनियसने १७५८ मध्ये अमेरिकेचं नाव दिलं, पण तो मूळचा आफ्रिकेचा. गुलामांची आणि मालाची ने-आण करणाऱ्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेला. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द १८३८ मध्ये जर्मन कीटकशास्त्रज्ञ बुर्माइस्टरने ठेवला, ‘पेरिप्लॅनेटा’, म्हणजे भटक्या, इकडून तिकडे हिंडणारा. सगळ्या झुरळशास्त्रात मला पटलेलं नाव हे एकच. ऑस्ट्रेलियन झुरळ म्हणूनही एक आहे, ते ऑस्ट्रेलियात बाहेरून गेलेलं. आणि ‘ओरिएंटल’ म्हणजे पौर्वात्य. कोणाच्या पूर्वेचं, ते नाव ठेवणारा कुठे उभा होता त्यावरून समजून घ्या.

लोकांच्या बोलण्यात तर हे आणखी उघड दिसतं. ज्याला आपण जर्मन म्हणतो त्याला रशियात ‘प्रुसाक’ म्हणतात, म्हणजे प्रशियन, म्हणजे पुन्हा जर्मनच. आणि जर्मनीत काही भागांत त्यालाच ‘रुसे’ म्हणतात, रशियन! प्रत्येकाच्या मते झुरळ शेजाऱ्याच्या घरातून आलेलं. (हे धंद्यात मी रोज ऐकतो. ‘आमच्याकडे नव्हती हो, वरच्या मजल्यावरून उतरली.’ वरच्या मजल्यावर जा, ते खालच्यांकडे बोट दाखवतात.) रोगांच्या नावांचंही असंच झालंय. उपदंश आपल्याकडे आला तेव्हा वैद्यांनी त्याला ‘फिरंगरोग’ म्हटलं. फिरंग्यांमध्ये इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा.

म्हणून मला संस्कृतवाल्यांचं कौतुक वाटतं. अमरकोशींनी सांगितलेल्या ‘तैलपायिके’त कोणावर बोट नाही. कोणीतरी दिव्यापाशी नाहीतर तेलाच्या भांड्यापाशी बसून त्या किड्याकडे नीट बघितलंय, तो काय करतो ते बघितलंय, आणि तेच नाव म्हणून दिलंय. शिवाय हे नाव दुसऱ्या अंगानेही खरं आहे. अमेरिकन झुरळ हातात धरून बघा (मी धरतो, तुम्ही नका), बोटांना तुकतुकीत, तेलकट लागतं. त्याच्या कवचावर मेणासारखा पातळ थर असतो, त्याच्या जोरावर अंगातलं पाणी टिकतं. डायटमची माती नावाची पांढरी भुकटी असते, ती तो थर ओरबाडते आणि शोषून घेते. मग झुरळ विषाने मरत नाही, वाळून मरतं. तेल गेलं की तैलपायिका संपली.

जपान्यांचंही नाव असंच बघून ठेवलेलं. जुना शब्द ‘गोकिकाबुरी’, म्हणजे जेवणाचे वाडगे कुरतडणारा. उपान्त्य, यापुढचं खास तुमच्यासाठी. १८८४ साली तिथे जीवशास्त्राच्या संज्ञांचा एक कोश छापला गेला, त्यात उच्चार दाखवताना एका ठिकाणी ‘का’ गळला. ‘गोकिबुरी’ असं छापलं गेलं आणि तेच पुढच्या पुस्तकांत उतरत गेलं. आज सगळा जपान गोकिबुरीच म्हणतो. मुद्राराक्षसाने एका देशाच्या झुरळाचं बारसं केलं.

उपान्त्य

हे वाचून हात थरथरले. एक अक्षर गळलं आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कोणी भरलं नाही! आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवायला हवं.

कानडीकाठ

‘झुरळ’बद्दल माझी भर. मी घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो. कन्नडमध्ये झुरळाला ‘जिरळे’ म्हणतात. दोन्ही शब्द पाठोपाठ म्हणून बघा. झुरळ, जिरळे. ‘झुरणे’ या क्रियापदाकडे जायची गरज उरते का?

तेलुगूत मात्र एकदम वेगळं, ‘बोद्दिंक’. तमिळमध्ये ‘करप्पान’. गुजरातीत ‘वांदो’. त्यामुळे सगळ्या दक्षिणेचा एक शब्द आहे असंही नाही. मराठी आणि कन्नड या दोघींचंच गूळपीठ.

अमरकोशी

कानडीकाठ, मुद्दा दमदार आहे. मी त्यात आणखी एक धागा घालतो. अमरकोशात त्याच वर्गात रातकिड्याची नावं येतात: ‘भृङ्गारी झीरुका चीरी झिल्लिका च समा इमाः’. झीरुका, चीरी, झिल्लिका, सगळी नावं त्याच्या किर्र आवाजावरून आलेली. ‘झीरुका’चा चेहरा ‘झुरळा’शी बराच मिळतो. अरबीत ‘सरसूर’ हा शब्द झुरळाला वापरतात आणि तोही आवाजाची नक्कल करणारा, रातकिड्यालाही चालणारा. म्हणजे लोक एका किड्याचं नाव दुसऱ्याला देतात हे इतरत्र घडलेलं आहे.

टाचणी

पण झुरळ कुठे ओरडतं? आमचं तर मुकाट्याने पिशवीत शिरतं.

फवारणीवाला

टाचणी, एकदाचा कामाचा प्रश्न विचारलात. घरातली झुरळं जवळपास मुकीच. मादागास्करचं एक मोठं बिनपंखी झुरळ मात्र सापासारखं फुसफुसतं, आणि तेही तोंडाने नव्हे, पोटाच्या बाजूच्या श्वासाच्या छिद्रांतून हवा ढकलून. झुरळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही. म्हणून तर डोकं तुटलेलं झुरळ लगेच मरत नाही, बरेच दिवस तग धरतं.

उपान्त्य, आईच्या ‘झुरण्या’बद्दल. कानडीकाठांचं ‘जिरळे’ ऐकल्यावर माझं मत त्यांच्याच पारड्यात. व्युत्पत्ती म्हणून ‘झुरणे’ सोडून द्या. पण आईला हसू नका, कारण फ्रेंचांनी हे नातं खरोखर जोडलंय. त्यांच्याकडे झुरळाचा एक शब्द ‘काफार’. तो आला अरबी ‘काफिर’वरून, आधी अर्थ ढोंगी धार्मिक माणूस, मग काळा, उजेड टाळणारा किडा. आणि फ्रेंच माणूस उदास झाला की म्हणतो, ‘मला काफार झालाय.’ शब्दशः बघितलं तर झुरळ झालंय, अर्थ काय तर झुरतोय. तुमच्या आईंचं म्हणणं मराठीत खोटं आणि पॅरिसमध्ये खरं.

आता पत्रकाचं. माझा सल्ला, ‘जर्मन झुरळ’ आणि ‘अमेरिकन झुरळ’ हीच नावं ठेवा. खोटी असली तरी औषधाच्या डब्यावर तीच छापलेली असतात, आणि तुम्ही नवं गोंडस मराठी नाव पाडलंत तर वाचणारा दुकानात जाऊन काय मागणार? पण नावाखाली ओळख लिहा. जर्मन: दीड सेंटिमीटरपर्यंत, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळे उभे पट्टे. अमेरिकन: चार सेंटिमीटरपर्यंत, लालसर, त्या ढालीच्या कडेला पिवळट किनार.

आणि इथे टाचणींची चप्पल. नावाने फरक पडतो, कारण दोघांचा संसार वेगळा. अमेरिकन मोरीच्या जाळीतून, ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येतो. अंड्यांची डबी कुठेतरी आडोशाला चिकटवून निघून जातो. तिथे चेंबरला औषध मारायचं आणि जाळी नीट बसवायची. जर्मन मात्र स्वयंपाकघरातच जन्मतो आणि तिथेच मरतो. कपाटाच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरपाशी, मिक्सरच्या बुडाखाली. बिजागरीपाशी टॉर्च मारला की शाईचे बारीक ठिपके उडाल्यासारखे डाग दिसतात, तो त्याचा पत्ता. मादी अंड्यांची डबी पिल्लं निघेपर्यंत पोटाशी धरून फिरते, एका डबीत तीस-चाळीस. एकीला चपलेने मारलंत, तर भिंतीआड ज्या डब्या फिरतायत त्यांचं काय? इथे जेलचे, म्हणजे विष घातलेल्या आमिषाचे थेंब लागतात, फवारा नाही. फवाऱ्याच्या वासाने जेलकडे फिरकत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र करू नये. हे तुमच्या पत्रकात नसेल तर ठळक घाला.

जेलचीही एक गोष्ट आहे. त्यात गोड म्हणून ग्लुकोज घालायचे. काही ठिकाणची जर्मन झुरळं ते तोंडातच घेईनात. २०१३ साली कळलं, की त्या झुरळांच्या तोंडातल्या चव ओळखणाऱ्या पेशीच बदलल्यात, ग्लुकोज त्यांना कडू लागतं. गोडाला भुलणारी मेली, नाक मुरडणारी वाचली, आणि त्यांची पोरं आली. मग कंपन्यांनी गोडी बदलली.

उपान्त्य

ठळक घातलं. नावं तशीच ठेवली, खाली ओळखीच्या दोन-दोन ओळी दिल्या. मूळ इंग्रजी पत्रकात एक चौकट आहे, ‘पांढरं झुरळ, एक दुर्मीळ जात’. ती तशीच घेऊ ना? पुढचं पान वाळवीचं आहे, तिथे तरी नावांची भानगड नसावी.

फवारणीवाला

ती चौकट काढा. पांढरं झुरळ ही जात नाही, नुकतीच कात टाकलेलं झुरळ आहे. जुनं कवच पाठीवर उभं फाटतं, आतून मऊ, दुधी रंगाचं झुरळ बाहेर येतं, डोळे तेवढे काळे. काही तासांत कवच कडक होऊन तपकिरी होतं. त्या वेळात ते लपून बसतं, म्हणून क्वचित दिसतं, म्हणून दुर्मीळ वाटतं. ग्राहक फोटो पाठवून विचारतात, औषधाने रंग उडाला का? नाही हो.

आणि वाळवीच्या पानावर भानगड आहेच. जुन्या पुस्तकांत वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, ते आधी खोडा, मुंगीशी तिचं काही नातं नाही. पूर्वी तिचा गणही वेगळा धरत. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं, की वाळवी झुरळांच्याच गणात बसते, आणि तीही कडेला नाही, मधोमध. कुजक्या ओंडक्यात कुटुंब करून राहणारं, लाकूड खाणारं एक झुरळ आहे, ते पचवायला पोटात सूक्ष्मजीव पाळणारं. ते वाळवीचं सगळ्यात जवळचं नातेवाईक. तुम्ही दोन पानं वेगळी केलीत ती धंद्याच्या सोयीसाठी ठीक आहे, औषधं वेगळी लागतात. पण शीर्षकात ‘झुरळ आणि वाळवी’ असं लिहिलंत, तर ते ‘पक्षी आणि चिमणी’ लिहिल्यासारखं होईल. ‘झुरळं, वाळवीसह’ लिहा. छापखान्यातला माणूस फोन करून विचारेल, त्याला माझं टोपणनाव सांगा.